सगुणबाबांचा नाका

सगुणबाबांनी माझी फ्लॉपी दारातच अडवली तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. दहाला शाळेत परीक्षा होती आणि परीक्षेचा पेपर त्या फ्लॉपीत होता.

"ही खंयच्यान आयली?" त्यांनी विचारलं.

"शाळेतून."

"शाळेंत कितल्या मशिनींत भितर सरल्या ही?"

आठ-दहा तरी, मी म्हटलं. त्यांनी फ्लॉपी उलटी केली, पत्र्याची झडप बोटाने सारून आत डोकावले आणि ती परत माझ्या हातावर ठेवली. "मग हांगा ना, टीचर. आठ घरचें उदक पियेल्ली ती."

"अहो, फक्त छापायचंय. माझा प्रिंटर बिघडलाय."

"छापचें जाल्यार बाजारांत छापा."

आणि हा कॉम्प्युटर त्यांना शिकवला होता कुणी? मी. माउस कसा धरायचा इथपासून मी. गुरूची विद्या गुरूलाच म्हणतात ती अशी. मी पाय आपटत डिचोलीच्या बाजारात गेले, रांगेत उभी राहून पेपर छापला, शाळेत उशिरा पोचले आणि हेडमास्तरांची बोलणी खाल्ली. आठवडाभर शेजारी बोलायचं नाही असं ठरवलं. त्याच संध्याकाळी कुंपणापलीकडून सगुणबाबा फणी-दोन फण्या केळी घेऊन उभे. "पेपर जालो मगो?" असं त्यांनी इतक्या काळजीने विचारलं की माझा राग तिथेच ओसरला. पण फ्लॉपीबद्दल एक शब्द नाही. चूक झाली असं त्यांना वाटलंच नव्हतं.

सगुण गाड हे त्यांचं नाव. मूळचे पेडणे तालुक्यातले, मांद्र्याच्या अलीकडचे. पेडण्याच्या हद्दीवरच्या एका अबकारी नाक्यावर बत्तीस वर्षं गार्ड म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर बायकोच्या माहेरी, डिचोलीला, बोर्डेला येऊन राहिले. बायको पुढे वारली. घरात ते आणि मुलगी मंजू. आमची घरं कुंपणाला कुंपण लागून. मी तेव्हा साखळीच्या एका हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायची.

नोकरी सुटली तरी नाका त्यांच्या अंगातून सुटला नव्हता. आमच्या रस्त्याने दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. इतर लोक धुळीला शिव्या देत खिडक्या लावून घेत. सगुणबाबा पायरीवर बसून मागचे टायर किती दबलेत ते बघत. "ह्याच्या पोटांत चड भरलां," म्हणत. कुणीही नवा माणूस दिसला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "खंयचो रे तूं?" पाववाला पोदेर उंडे घेऊन आला आणि तो नेहमीचा नसला, तर त्यालासुद्धा. त्यात उद्धटपणा नसायचा. बिचारा पोदेर तरीही गडबडून आजोबांच्या नावापर्यंत सांगून टाकी.

नाक्यावरच्या त्यांच्या गोष्टी मी कितीदा तरी ऐकल्या. चवथीच्या आदल्या दिवशी एक गृहस्थ सावंतवाडीला बहिणीच्या घरी मूर्तीवर टांगायच्या फळांच्या माटोळीला बांधायला म्हणून मोठा भोपळा घेऊन निघाले होते. गणपतीच्या माटोळीचं फळ, कोण हात लावणार? सगुणबाबांनी त्यावर टिचकी मारली. "भोपळो असो वाजना," म्हणाले. देठाकडून सुरी फिरवून परत चिकटवलेलं झाकण निघालं आणि आत पेंढ्यात दारूच्या तीन बाटल्या. गृहस्थ रडायला लागले. सगुणबाबांनी बाटल्या काढून घेतल्या, रीतसर कागद केला आणि मग स्वतःच्या पैशाने बाजारातून दुसरा भोपळा आणून त्यांच्या हातात दिला. "बहिणीची माटोळी कित्याक उणी पडूंक जाय?"

दुसरी गोष्ट गोवा राज्य झालं तेव्हाची. नाक्यावरच्या पाटीवर जुना मजकूर होता, तो बदलायला रंगारी आला. सगुणबाबांनी त्याला विचारलं, "ऑर्डर?" रंगारी म्हणाला, राज्य झाल्याचं सगळ्या पेपरांत आलंय. "पेपरांत आयलां, म्हाका येवंक ना." रंगारी दोन दिवस डबा-ब्रश घेऊन आंब्याखाली बसून राहिला. तिसऱ्या दिवशी सहीशिक्क्याचा कागद आला, तेव्हाच जुनी पाटी उतरली. त्याच सुमारास कोकणी की मराठी यावरून गावोगाव डोकी तापली होती. चहाच्या दुकानात कुणीतरी सगुणबाबांना छेडलं, तुमची भाषा कुठली? ते म्हणाले, "हांव गाडयेक 'थांब' म्हणटां. ती खंयची भास तें तुमीच सोदून काडात."

मला मात्र या दुसऱ्या गोष्टीतली एक गोम पुष्कळ उशिरा कळली. ड्रायव्हर, नातेवाईक, पुढारी, कुणावरही विश्वास न ठेवणारा हा माणूस साहेबाच्या सहीपुढे मान तुकवायचा. सही दिसली की तपासणी संपली.

घरात कॉम्प्युटर आला तो मंजूच्या कामासाठी. ती पेडण्याकडच्या एका कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवायची. वय चौतिशीला आलेलं, लग्न मोडून माघारी आलेली, आणि दर जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही याची धाकधूक. पीएच.डी. झाली तर कायमची जागा मिळण्याची आशा होती. "बाबांनाही थोडं शिकवा, टीचर," ती मला म्हणाली, "त्यांचा वेळ जात नाही." मला वाटलं, पत्ते खेळायला शिकतील. पहिल्याच दिवशी त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हाका गेट खंय?"

मी दाखवलं. ही फ्लॉपीची फट, हा सीडीचा खण, ही फोनची तार, हिच्यातून इंटरनेट.

"तीन वाटो. आनी गार्ड?"

"गार्ड नाही."

त्यांचा चेहरा खरोखर उतरला. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच गार्ड झाले. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून, सात वाजता यंत्रासमोर बसत. शेजारी लांब रजिस्टर. त्यात सिस्टीमच्या फोल्डरमधल्या फायली एकेक करून उतरवलेल्या: नाव, वजन, तारीख, शेरा. फाइलच्या आकाराला ते वजन म्हणत. रोज वीस फायली, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. शेवटचं अक्षर झालं की पुन्हा 'ए'पासून. एखाद्या नावावर बोट ठेवून ते पुटपुटत, "खंयचो रे तूं?" मूळ फायली जागच्या जागी आहेत की कुणी बदलल्या, हे यंत्राकडूनच तपासून घ्यायची एक सोय असते. ती मी दाखवली, तेव्हा ते इतके खूश झाले की मला सोलकढी पाजली. तिला त्यांनी नाव दिलं पंचनामा. दर सोमवारी पंचनामा. पासवर्ड दर रविवारी नवा, तोही नाक्यावर पाठ झालेल्या एखाद्या जुन्या ट्रकचा नंबर. मंजूला तो सांगताना खिडकी लावून घेत.

दिवाळीला पुतण्याने ईमेलमधून शुभेच्छांचं काहीतरी नाचणारं-गाणारं पाठवलं. सगुणबाबांनी त्याला पोस्टकार्ड लिहिलं: "तुझे पत्र पावले. सोबतचे पार्सल उघडले नाही. आत काय आहे ते पोस्टाने कळवावे."

आम्ही हसायचो. पण खरं सांगायचं तर त्यांच्या यंत्राला कधी काही झालं नाही. त्या काळात माझ्या शाळेतली यंत्रं महिन्यातून दोनदा आजारी पडायची.

मंजूचा प्रबंध होता पेडण्याच्या बायकांच्या बोलीवर. चुलीपाशी, विहिरीवर, परसात त्या काय आणि कसं बोलतात. तिच्या कामाचा कणा होत्या तीन म्हाताऱ्या. त्यांना तिने महिनोन् महिने बोलतं केलं होतं. त्यातली एक सगुणबाबांची आई, मंजूची आजी. प्रबंध संपत आला तोवर तिघीही गेल्या. ज्या कॅसेटींवर त्यांचे आवाज होते त्यांना पावसाळ्यात बुरशी धरली. त्याआधी मंजूने सगळं ऐकून टाइप केलं होतं, म्हणून वाचलं. छापील प्रत होती ती पहिल्या दोनच प्रकरणांची. बाकी सगळं, त्या तिघींचं सगळं बोलणं, त्या एका यंत्रात. आणि सगुणबाबांना त्या फाइलचं वजन तोंडपाठ होतं. उघडून कधी बघितली नव्हती.

सादर करायला तीन आठवडे राहिले, तेव्हा मंजूच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, हा टाइप चालणार नाही, जोडाक्षरं तुटतात. त्यांनी मराठीच्या दुसऱ्या फॉन्टची सीडी दिली. मंजूने ती घरी आणली.

"भायली सीडी ना," सगुणबाबा म्हणाले.

"बाबा, सरांनी दिलीय."

"सरांक कोणें दिली?"

मंजूने सीडी आपल्या कपाटात ठेवली. त्या रविवारी सगुणबाबा मांद्र्याला पुतणीच्या बाळाच्या बारशाला गेले आणि मी सीडी घेऊन कुंपण ओलांडलं. मी, कॉम्प्युटरची शिक्षिका, चोरासारखी मागच्या दाराने आत गेले. अर्ध्या तासात फॉन्ट बसवला, प्रबंध नव्या टाइपात आणला. अक्षरं छान खुलली. मंजू आनंदाने टाळ्या वाजवत होती आणि माझं लक्ष फाटकाकडे होतं.

"बाबांना सांगूया का?" मी विचारलं.

"एकदा सबमिट होऊ दे, मग सांगू. आत्ता सांगितलं तर काढून टाकतील."

नव्या फायली सिस्टीमच्या फोल्डरात जाऊन बसल्या होत्या. त्यांची नावं 'एस'पासून सुरू होत. सगुणबाबा तेव्हा 'के'वर होते. रोज संध्याकाळी मंजू कुंपणाशी येऊन हळूच सांगायची, "आज 'एम' संपलं." "आज 'एन'." सादर करायचा दिवस आधी येतो की 'एस' आधी येतं, एवढाच आमचा घोर. सगुणबाबा सकाळी खिडकीतून बोट फिरवताना दिसले की माझा चहा कपात तसाच राहायचा. आत आणायच्या चोरीत आम्ही दोघी इतक्या गुंतलो होतो की प्रबंधाची एक प्रत बाहेर नेऊन ठेवावी, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी मुलांना रोज शिकवत होते, प्रत करा, प्रत करा. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मग ते ईमेल आलं. सगुणबाबांचे नाक्यावरचे जुने साहेब निवृत्त होऊन पुण्याला राहत. त्यांनी कळकळीने पाठवलं होतं: एक भयंकर व्हायरस सुटला आहे, अँटिव्हायरसला तो सापडत नाही, अमुक नावाची फाइल तुमच्या यंत्रात असेल तर ती ताबडतोब काढा, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत आलेल्या अनोळखी फायली काढा, आणि हे सगळ्या परिचितांना कळवा. तद्दन थाप. ती फाइल सगळ्यांच्याच यंत्रात असते, यंत्राचीच असते. साहेबांनाही ते असंच कुणाकडून तरी आलेलं होतं. पण खाली साहेबांचं नाव होतं.

त्या दिवशी सगुणबाबांनी क्रम मोडला. 'ओ', 'पी' वगैरे सोडून तारखेने फायली लावल्या. रजिस्टरात नसलेल्या चार फायली निघाल्या, चारही एकाच रविवारच्या. त्यांनी पंचांग बघितलं. त्या रविवारी आपण मांद्र्याला होतो. म्हणजे नाका सुना असताना कुणीतरी शिरलं. त्यांचा हा तर्क अगदी बरोबर होता. त्यांनी साहेबांनी सांगितलेली ती फाइल आणि या चारही फायली काढल्या आणि कचऱ्याची पेटीही रिकामी केली. मग घरातलं सामान शाबूत आहे का बघावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मंजूचा प्रबंध उघडला.

पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, प्रश्नचिन्हं. मराठीचं नाव नाही. फॉन्ट गेला की तेव्हाची मराठी अशीच दिसायची. मजकूर जागेवर असतो, फक्त आपल्याला वाचता येत नाही. हे मला ठाऊक होतं, मंजूला थोडंफार ठाऊक होतं. त्यांना कोण सांगणार? त्यांना वाटलं, व्हायरसने पोरीचं पुस्तक खाल्लं.

साडेबाराच्या सुमाराला माझ्या शाळेत फोन वाजला. मंजू कॉलेजातून बोलत होती. आवाज ओळखू येत नव्हता.

"टीचर, बाबांचा फोन आला होता. म्हणाले, पानार नुस्तीं इंग्लीश अक्षरां, व्हायरसान सगळें खालां, पुस्तक गेलें, पूण तूं भियूं नाका, हांवें मशीन वाचयलां. म्हापशाचा इंजिनियर दोनला येतोय. सगळं पुसून नव्याने घालणार."

"पुसून? त्यांना फोन कर, थांबव!"

"लागत नाही. व्हायरस बाहेर जाऊ नये म्हणून लगेच फोनची तार उपटतो, असंही म्हणाले होते. मला यायला दोन तास लागतील, टीचर. तुम्ही जा. पाया पडते, तुम्ही जा."

मी वर्ग तसाच टाकला. बस मिळाली, पण साखळी सोडून दोन मैलांवर ती थांबली. पुढे खनिजाच्या ट्रकांची रांग, मागे ट्रक, सगळीकडे तांबडी धूळ. दीड वाजला. कंडक्टर म्हणाला, कसला तरी ट्रक आडवा झालाय, तास जाईल. मी उतरले आणि धुळीतून चालत सुटले. पदर तोंडावर, चप्पल हातात. शेवटी एका फाट्यावर पायलट, म्हणजे मोटरसायकलचा टॅक्सीवाला, दिसला. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले आणि म्हटलं, "बोर्डे, आतल्या वाटेन. पळय." तो पळाला. मी आयुष्यात इतके देव कधी आळवले नव्हते.

सव्वादोनला फाटकात उतरले तर इंजिनियरची स्कूटर उभी. मी धावत सोप्यावर चढले. खोलीत इंजिनियर खुर्चीत, टक्कल घामाने चमकलेलं, बोट कीबोर्डवर. पडदा काळा. त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत यंत्राने विचारलं होतं, सगळं पुसलं जाईल, पुढे जाऊ? हो की नाही?

आणि सगुणबाबा त्याचा हात मनगटाला धरून उभे होते. दुसऱ्या हाताने तो प्रश्न अक्षर अन् अक्षर रजिस्टरात उतरवून घेत होते.

"बाबा, सोडात म्हाका," इंजिनियर काकुळतीला आला होता. "आयलां तेन्नापसून म्हजी फ्लॉपी तपासताय. आतां हें बरयताय. म्हाका वाळपयक वचपाचें आसा."

"प्रश्न पयलीं बरोवंचो. मागीर जबाब."

"थांबा!" मी ओरडले. "काही दाबू नका. व्हायरस नाही. काही गेलेलं नाही."

सगुणबाबांनी माझ्याकडे पाहिलं. केसांत धूळ, हातात चप्पल. "टीचर, तुमकां कितें खबर? चार फायली हांवें स्वतः धरल्यो."

"त्या मी आणल्या होत्या."

 सगुणबाबांनी इंजिनियरचं मनगट सोडलं. रजिस्टरचं पान उलटलं. मग त्यांनी मला प्रश्न विचारले, त्या आवाजात, जो बत्तीस वर्षं ड्रायव्हर ऐकत आले असणार.

"कोणें हाडल्यो?"

"मी."

"केन्ना?"

"तुम्ही मांद्र्याला गेलात त्या रविवारी."

"खंयच्या दारांतल्यान?"

"मागच्या."

"मंजू आसली?"

मी हातातली चप्पल खाली ठेवली. त्यांनी दोनदा विचारलं नाही. सगळं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे केलं. "सही." मी सही केली. 

इंजिनियरला त्यांनी चहा-उंडो देऊन वाटेला लावलं. मंजूच्या कपाटातून मी सीडी काढली. त्यांनी ती घेतली, रजिस्टरात नोंद केली आणि स्वतःच्या हाताने खणात ठेवली. यंत्र पुन्हा सुरू झालं. मी प्रबंध उघडला आणि मराठी परत आली. सगळी, काना-मात्रेसकट. मला रडूच कोसळलं.

समोर जे पान उघडलं होतं ते तिसऱ्या प्रकरणातलं. सगुणबाबांनी चष्मा पुसला आणि एका ओळीवर बोट ठेवून, पोरासारखं अक्षर लावत, मोठ्याने वाचलं: "पेज निवली, सगुणा."

ते पुढे वाचेनात. बोट तिथेच. त्यांच्या आईचं बोलणं होतं ते, आणि त्यात त्यांचं नाव होतं. दोन वर्षं ते त्या फाइलचं वजन करत होते.

मग म्हणाले, "टीचर, तुमी फुडल्या दारांतल्यान येवन सांगलें आसल्यार हांवें सोडलें आसतें."

"नसतं सोडलं, सगुणबाबा."

त्यांनी विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती. "ना," म्हणाले. "सोडूंक नासलें."

साहेबांच्या ईमेलचं मी त्यांना समजावलं. ती फाइल यंत्राचीच होती, मी पंचनामा चालवला तेव्हा ती परत जागेवर बसलीसुद्धा. त्यांनी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. "साहेबान म्हाका फट मारली?" नाही हो, साहेबांनाही फसवलं, मी म्हटलं. पण त्यांना ते लागलं ते लागलंच. "सही खरी आसली आनी माल खोटो," एवढंच ते बोलले.

ट्रकांच्या रांगेत अडकून मंजू चारला आली. प्रबंध शाबूत आहे हे बघितलं, खाली बसली आणि मग मात्र तिचा बांध फुटला. "बाबा, एकदा तरी वाचलं असतं! दोन वर्षं. आजी बोलतेय त्यात. तुम्हाला वजन ठाऊक, तारीख ठाऊक, आणि आत काय आहे ते ठाऊक नाही! मी या घरात राहते की नाक्यावर?" मी उठून घरी आले. ते बापलेकीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सगुणबाबा पहिल्या बशीने म्हापशाला गेले आणि कोऱ्या सीड्या घेऊन आले. माझ्या शाळेत सीडी लिहायचं यंत्र होतं. प्रबंध इतक्या घरी ठेवला की मोजायची सोय नाही. एक आमोण्याला मंजूच्या मावशीकडे तांदळाच्या डब्यात होती, हे मला ठाऊक आहे. "भितर येता ताचेर हांवें नदर दवरली," ते मला म्हणाले, "भायर कितें वचूंक जाय तें हांवें केन्नाच पळोवंक ना." त्या दिवसापासून दर शनिवारी आमच्या सगळ्यांच्या कामाच्या प्रती झाल्याच पाहिजेत, असा त्यांनी दंडक घातला. फ्लॉपी मात्र तरीही तपासल्याशिवाय घेत नसत. बरोबरच होतं ते.

प्रबंध वेळेत गेला. सात-आठ महिन्यांनी विद्यापीठात मंजूची व्हायवा ठरली. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं आणि कुणीही प्रश्न विचारावा. मंजू, सगुणबाबा आणि मी पहाटेच्या बशीने निघालो. सगुणबाबांच्या मांडीवर प्रबंधाची छापील प्रत. ती हातात आल्यापासून ते वाचत होते, दिवसाला वीस पानं, मध्ये दुखणं आलं तेव्हा खंड पडला, मग पुन्हा पहिल्या पानापासून. त्या सकाळी परिशिष्टाची शेवटची वीस पानं राहिली होती. मांडवीच्या पुलावर त्यांनी पुस्तक मिटलं. चेहरा असा कडक झाला होता की मी विचारायची हिंमत केली नाही.

बाहेरगावचे दोन परीक्षक फार कसून विचारत होते. ही बोली मराठीची की कोकणीची, यावर तर तासभर गेला. एक या बाजूचे, एक त्या बाजूचे, आणि मंजू मध्ये. ती म्हणाली, बोलणाऱ्या बायकांनी हा प्रश्न मला कधी विचारला नाही. ती डगमगली नाही. शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाचा प्रश्न?"

मागच्या रांगेतून सगुणबाबा उठले. मंजूचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असणार.

"परिशिष्टाच्या निमाण्या पानार एक शब्द चुकलां," ते म्हणाले.

परीक्षकांनी शेवटचं पान काढलं. आई मुलाला कामावर धाडताना उंबऱ्यात काय म्हणते, त्याचा मासला होता तो. मंजूने लिहिलं होतं, 'वच, सगुणा.' म्हणजे जा.

"आपण कोण?" एका परीक्षकांनी विचारलं.

"सगुण."

 परीक्षकांनी चष्मा काढला. "मग त्या काय म्हणत?"

"म्हजी आवय उंबऱ्यार 'वच' केन्नाच म्हणूंक ना. नाक्यार ड्युटीक भायर सरतालों तेन्ना म्हणटाली..."  मग त्यांनी तो शब्द म्हटला, स्वतःच्या आवाजात नव्हे. म्हाताऱ्या बाईच्या, वर चढत जाणाऱ्या, लांबवलेल्या सुरात. "योऽऽ, सगुणा."

यो, म्हणजे ये. मंजूने तोंडावर हात धरला. कॅसेटवरून उतरवताना की टाइप करताना, कुठे चुकलं ते तिलाच ठाऊक नव्हतं, आणि कॅसेट तर गेली होती. ते उंबऱ्यात स्वतः ऐकलेलं जिवंत माणूस आता एकच उरलं होतं. अध्यक्ष म्हणाले, दुरुस्ती मान्य आहे, आपण बसा.

सगुणबाबा बसले नाहीत. टेबलावर प्रबंधाच्या पाच प्रती होत्या. मंजूने पहिल्या प्रतीत पेनाने 'वच' खोडून 'यो' लिहिलं, बाजूला सही केली. मग दुसऱ्या प्रतीत. परीक्षक थांबले, अध्यक्ष थांबले. त्यानंतरच्या जूनमध्ये मी बदली होऊन मडगावला गेले आणि त्याच पावसाळ्यात सगुणबाबा वारले. त्यामुळे त्यांची आठवण काढली की मला ते तसेच दिसतात, मागच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, गळ्यापर्यंत बटणं लावून, पाचव्या प्रतीतला शब्द दुरुस्त होईपर्यंत उभे.